संशोधनाचे मोल आणि उद्धरणांची गणती

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो वा त्याचे लातूर उपकेंद्र, रेणवीय जीवशास्त्राच्या अभ्यासकाची नेमणूक किंवा बढती ठरवताना निबंधांची संख्या आणि उद्धरणांची बेरीज एवढ्याच दफ्तरी पुराव्यावर निवाडा देणे अन्यायाचे होईल. १९५१ मध्ये ऑलिव्हर लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला, द्रावणाच्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला, हे त्या रीतीच्या उपयुक्ततेचे प्रमाण होय, नव्या तत्त्वाच्या शोधाचे नव्हे; आणि तुरीच्या वांझ रोगाचा जनुकीय मागोवा घेणारा निबंध मोजक्याच अभ्यासकांनी उद्धृत केला, तरी मराठवाड्याच्या शेतकऱ्यास त्याचे मोल कितीतरी अधिक असू शकते. म्हणून निवड समितीने उमेदवाराचे तीन उत्तम निबंध मागवावेत, ते साद्यंत वाचावेत आणि मगच शेरा लिहावा.