कोऱ्या पानावरचा अर्ज
गूगल फॉर्म्ससारख्या साधनात कोरा नमुना उघडून वाचनालयाच्या सभासदत्वाचा अर्ज रचावयास बसलेल्या मनुष्यास प्रथम हे उमगते की, कागदावर ठिपक्यांची एक रेघ ओढून जे काम भागत असे, त्यासाठी येथे प्रत्येक रकान्याचा स्वभाव आधीच निश्चित करावा लागतो: उत्तर एका ओळीचे की परिच्छेदाचे, पर्यायांतून एकच निवडावयाचा की अनेक. जन्मतारखेस मोकळी ओळ दिली, तर ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हा संभ्रम दप्तरात कायमचा राहतो. म्हणून तेथे तारखेचाच रकाना हवा, आणि १९७२ पासून रूढ असलेल्या पिनकोडास सहा अंकांचे बंधन हवे. सक्तीची खूण मात्र हात राखून वापरावी, कारण वडिलांचे नाव न लावणाऱ्या मुलास त्या एका रकान्यापायी अर्ज दाखलच करता येत नाही, आणि ही अडवणूक सर्वस्वी मसुदा करणाऱ्याची असते. दाखला जोडण्याचा रकाना ठेवल्यास तर अर्जदाराजवळ गूगलचे खाते असणे अनिवार्य होते, व ते नसलेला वृद्ध वाचक दारातूनच परततो. दुवा धाडण्यापूर्वी आपला अर्ज मोबाइलच्या लहान पडद्यावर अथपासून इतिपर्यंत एकदा स्वतः भरून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.