शेगाव आहे ना जवळ!

मंडळी, आज थोडं रागावून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

खामगाव-जालना रेल्वेचा विषय निघाला की पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले आमचेच नातेवाईक एक वाक्य हमखास टाकतात. "अहो, कशाला हवी आणखी रेल्वे? शेगाव आहे ना जवळ!" आणि विषय तिथेच संपतो. कोजागिरीला मोठी देवी बसली की हीच मंडळी शेगावला उतरून, रिक्षाला दहा शिव्या घालत आपल्याच गावात येतात. ते मात्र कुणाला आठवत नाही.

या वाक्याला उत्तर द्यायचं तर थोडं मागे जायला हवं. मास्तर आहे, इलाज नाही!

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याआधी इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली. कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या वाढल्या, आणि खामगाव वऱ्हाडातली सर्वांत मोठी कापूसपेठ म्हणून नावारूपाला आलं. आज आपण गावाला 'रजतनगरी' म्हणून मिरवतो. पण त्या चांदीच्या मागे कापूस वेचणारे हात होते असं मला वाटतं. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला तरच त्याच्या बायकोच्या पायात तोडे येतात ना!

मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पुरी झाली, पण ती खामगावला न येता जलंबवरून निघून गेली. एवढी मोठी पेठ बाजूला राहिली म्हणून सरकारने स्वतः जलंब-खामगाव फाटा बांधला. जेमतेम १३ किलोमीटर. १८७० च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंही. पण तो फाटा खामगावलाच का थांबला, हे कुणी विचारत नाही. त्याचं काम एकच होतं: गाठी उचलायच्या, मुंबईच्या बंदराला पोचवायच्या. चिखलीच्या माणसाला कुठे जायचंय, याच्याशी त्या रुळांचा संबंधच नव्हता. कापूस मिळाला, रूळ संपले.

साहेब १९४७ ला गेला. रूळ तिथेच आहेत.

जिल्ह्याचा नकाशा काढून बघा. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही सगळी स्टेशनं उत्तरेच्या कडेला. बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण, तिथे रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, कुठेच नाही. जिजाऊंचं सिंदखेड राजा, जिथे दर १२ जानेवारीला लोटच्या लोट येतात, तिथेही नाही. खामगावहून जालन्याला रेल्वेने जायचं तर भुसावळ-मनमाड असा वळसा, नाहीतर अकोला-पूर्णा-परभणी असा. म्हणजे शेजारच्या घरी जायला अख्ख्या गावाची प्रदक्षिणा! तेव्हा 'शेगाव आहे ना जवळ' हे उत्तर मुळात चुकीच्या प्रश्नाचं आहे. शेगाव मुंबई-नागपूरला जाणाऱ्यासाठी जवळ आहे. देऊळगाव राजाच्या पोराला त्याचा काय उपयोग?

दुसरा आक्षेप म्हणजे 'समृद्धी झाली की!' झाली, चांगलंच झालं. डिसेंबर २०२२ पासून मोटारी आपल्या जिल्ह्यातून धावताहेत. पण तो रस्ता मोटार असणाऱ्याचा. डोक्यावर बोचकं घेऊन लेकीकडे निघालेल्या म्हातारीला पॅसेंजर गाडी लागते.

तिसरा आक्षेप परवडण्याचा. एवढा खर्च करून प्रवासी मिळतील का? मिळतील की नाही ते गाडी सुरू झाल्याशिवाय कसं कळणार? आणि जालन्याचं पोलाद, बियाणं, आपला कापूस, सोयाबीन हा माल काय हवेतून जाणार? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरचा मार्ग मंजूर केला. आनंदच आहे, अजिंठ्याला रेल्वे जाईल. पण तिथे पैसा निघतो, मग शंभर वर्षांहून जुन्या मागणीसाठीच हिशेबाची वही का उघडते?

भाचा अमेरिकेत असतो, त्याच्यामुळे मी मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग या लहानशा शहराबद्दल वाचलं. आपल्या कापसाला ज्या युद्धाने भाव दिला त्याच युद्धात हे गाव ४७ दिवस वेढ्यात होतं आणि ४ जुलै १८६३ ला पडलं. तिथला कापूस गुलामांच्या घामाचा, त्यामुळे त्या वैभवाचं कौतुक मी करणार नाही. पुढची गोष्ट मात्र ऐका. १८७६ मध्ये नदीने पात्र बदललं आणि नदीवर जगणारं गाव नदीवेगळं झालं. 'दुसरं बंदर आहे ना जवळ' असं म्हणून ते गप्प बसले नाहीत. सरकारच्या लष्करी अभियंत्यांनी कालवा खणून याझू नदीचं पाणी गावाच्या दारात आणलं. १९०३ उजाडलं, म्हणजे २७ वर्षं गेली. पण पाणी आलं.

आपली नदी म्हणजे रेल्वे. ती दीडशे वर्षांपूर्वीच १३ किलोमीटरवरून निघून गेली. आपण मात्र सर्वेक्षण, निवेदन, आश्वासन, निवडणूक आणि पुन्हा सर्वेक्षण यातच फिरतोय. पुढारी दोषी आहेतच. पण त्यांना तसं वागू देणारे आपणच, घरबसल्या 'काय गरज आहे' म्हणणारे. गाव सोडून गेलेल्या माणसाने गावाच्या गरजा ठरवू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

असो. ज्यांना पटलं नसेल त्यांनी खुशाल भांडावं. फक्त 'शेगाव आहे ना' हे सोडून दुसरं काहीतरी घेऊन या!