शेवटचे पाच मिलिग्रॅम

एस्सिटालोप्राम १० वरून ५, दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. गोळी थांबवण्याचा हा क्रम आपल्या ओपीडीत इतका रुळला आहे की तो कशाच्या आधारावर ठरला, हे कोणी विचारत नाही. आठवड्याभरात पेशंट चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके घेऊन परत येतो. केसपेपरवर ‘रिलॅप्स’ लिहिले जाते आणि गोळी पुन्हा सुरू होते, बहुधा कित्येक वर्षांसाठी.

हॉरोविट्झ आणि टेलर यांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त मांडलेले गणित आता नवे राहिलेले नाही. सिटालोप्रामच्या ६० मिलिग्रॅमवर सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर सुमारे ८८ टक्के व्यापलेला असतो, २० वर ८० टक्के. चाळीस मिलिग्रॅम काढले तरी फरक आठ टक्क्यांचा. पण शेवटच्या पाचेक मिलिग्रॅमवरही व्याप्ती साठ टक्क्यांच्या आसपास असते, आणि ती आपण एका झटक्यात शून्यावर आणतो. एक दिवसाआडचा तोडगा तर औषधशास्त्राला धरूनच नाही. एस्सिटालोप्रामचा हाफ-लाइफ साधारण ३० तासांचा. ४८ तासांनी पातळी एक-तृतीयांशावर येते. फ्लुओक्सेटिनला हे चालून जाईल, पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला मुळीच नाही.

मग डोस हळूहळू उतरवायचा कशाने? ब्रिटनमध्ये एस्सिटालोप्रामचे थेंब मिळतात, नेदरलँड्समध्ये डोस टप्प्याटप्प्याने उतरत जाणाऱ्या टेपरिंग स्ट्रिप्स मिळतात. आपल्याकडे ५ च्या खाली सहजी काही मिळत नाही, आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये साधी ५ ची गोळीही नसली की ‘१० ची अर्धी करा’ असे सांगून स्ट्रिप हातात ठेवली जाते. त्याहून वाईट अवस्था क्लोनाझेपामसोबतच्या जोडगोळीची. ती अर्धी केली की दोन्ही औषधे एकदम उतरतात. पुढे झोप उडाली, धडधड वाढली, तर दोष कोणत्या औषधाचा हे लिहून देणाऱ्यालाही सांगता येत नाही. ज्या दोन औषधांचा उतार वेगवेगळ्या गतीने व्हायला हवा, ती एका गोळीत बांधून आपणच वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. डेसव्हेनलाफॅक्सिनची ईआर गोळी तर मोडताही येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमीचा: विथड्रॉवलची चर्चा केली तर पेशंट घाबरून गोळी सोडतील. पण सांगितले नाही तरी ते सोडतातच. लग्न ठरले, गोळ्या संपल्या, ‘सवय लागेल’ असे कोणी म्हटले, की परस्पर आणि एकदम. शिवाय आकडे भीती घालणारे नाहीत. २०२४ च्या हेन्सलर यांच्या विश्लेषणात गोळी थांबवणाऱ्या ३१ टक्के लोकांना लक्षणे जाणवली, प्लासिबो थांबवणाऱ्या १७ टक्क्यांनाही जाणवली. म्हणजे खरा त्रास सहा-सातांत एकाला. तीव्र त्रास त्याहून खूप कमी जणांना. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: परत येतो तो आजारच. अँटलर चाचणीत गोळी थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के वर्षभरात पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. तेव्हा रिलॅप्सचा धोका खराच, आणि काहींनी गोळी चालू ठेवणेच योग्य. पण म्हणूनच रिलॅप्स आणि विथड्रॉवल यांत फरक करायला शिकले पाहिजे. काही दिवसांतच सुरू झालेली, मूळ आजारात कधीच नसलेली, डोस परत दिल्यावर एक-दोन दिवसांत मावळणारी लक्षणे रिलॅप्सची नसतात. लक्षणे केव्हा सुरू झाली आणि ती आधी कधी होती का, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. ओपीडीत वेळ नाही ही सबब इथे चालणार नाही.

या महिन्यापासून एवढे करा. नव्या पेशंटला जोडगोळी लिहू नका, जुन्यांची दोन औषधे आधी सुटी करा. उताराचे टप्पे आणि तारखा चिठ्ठीवर लिहून द्या. शेवटच्या टप्प्यांना सर्वांत जास्त आठवडे ठेवा. पुढच्या वेळी एमआर नव्या मॉलिक्यूलचे ब्रोशर घेऊन आला, की त्याच्याकडे एस्सिटालोप्रामचे थेंब मागा, आणि ती मागणी कंपनीच्या नावे लेखी द्या. तिची प्रत आमच्याकडे पाठवा. पुरेशा प्रती जमल्या की त्या सगळ्या एकत्र करून औषध नियंत्रकांकडे आम्ही नेऊ.