उतारावरची खाचरे कोणी केली?

मंचरहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता घोडेगावात आला की आंबेगाव तालुक्याचे दोन भाग पडतात. पूर्वेला बागायत, ऊस, कांदा आणि हातात खेळणारा पैसा. पश्चिमेला डिंभे धरण, त्यापलीकडे डोंगर, भात, हिरडा आणि महादेव कोळी-ठाकरांच्या वाड्या. तहसील कचेरी घोडेगावात, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही घोडेगावातच. त्यामुळे पश्चिम भागाविषयी मते बनवण्याचे कामही बरेचसे इथेच उरकते. त्यांतली दोन मते इतकी रुळली आहेत की ती मते आहेत, याचाच लोकांना विसर पडला आहे.

पूर्वपक्ष नीट मांडू, उगाच बुजगावणे उभे करून झोडपण्यात अर्थ नाही. पहिले मत असे, की डोंगर आणि पाऊस यांनीच तिथला माणूस घडवला. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो म्हणून भात आला, उतार आहे म्हणून वाड्या विखुरल्या, जंगल आहे म्हणून हिरडा. दुसरे मत असे, की उरलेले सगळे खालून वर गेले. शाळा, दवाखाना, सुधारलेले बियाणे, रस्ता, जे जे संस्कृती म्हणावे ते बाजारपेठेने दिले आणि डोंगराने घेतले. दोन्ही मतांत तथ्य आहेच. भीमाशंकरचा पाऊस आणि शिरूरचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोंगरात दवाखाना आपोआप उगवला, असेही कोणी म्हणणार नाही. पण ही दोन मते एकाखाली एक लिहून बेरीज केली, तर उत्तर येते ते हे : डोंगरातल्या माणसाने स्वतः काहीच केले नाही. अर्धे निसर्गाने केले, अर्धे आपण. ही बेरीज मला मान्य नाही.

पहिल्या मताचा उगम मोठा आहे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ एल्सवर्थ हंटिंग्टनने १९१५ मध्ये हवामानावरून साऱ्या जगाच्या संस्कृतीची प्रतवारी लावली होती आणि अर्थातच त्याच्या स्वतःच्या मुलखाचे हवामान पहिल्या वर्गात निघाले होते. त्याला उत्तर द्यायला अमेरिकेत जायची गरज नाही, डिंभ्याच्या वर जाऊन समोरासमोरचे उतार बघितले तरी पुरे. एका उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे. शेजारच्या उतारावर मोकळे माळरान. आहुप्याला भैरवनाथाची देवराई, जिथे उन्हाचा कवडसा जमिनीपर्यंत पोचायला धडपडतो. पाऊस तोच, खडक तोच, वाराही तोच. मग रूपे वेगळी का? देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही हा नियम पावसाने केलेला नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हा त्यांना तिथे रानाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले निर्बंधही सापडले. आपण ज्याला अस्सल निसर्ग म्हणून फोटो काढतो, ती माणसांनी राखलेली जागा आहे.

आणि खाचर तर सरळ सरळ हाताने केलेली वस्तू. पश्चिम भागात या कामाला पडकई म्हणतात. सुगी उरकली की पाच-दहा घरांचा गट जमतो. आज एकाच्या उतारावर, मग दुसऱ्याच्या. पहारीने दगड सुटा करायचा, मोठा धोंडा पायाला, चपटा वर, फटींत चिपा ठोकायच्या. दगडांची ही भिंत, म्हणजे ताल, उभी सरळ रचत नाहीत, डोंगराच्या अंगाला जरा कलती ठेवतात. मग तिच्यामागे घमेल्या-घमेल्याने माती. चुना नाही, सिमेंट नाही. त्यामुळे मुसळधार पावसात पाणी दगडांमधून झिरपून जाते आणि माती मागे राहते. एका हंगामात खाचर होत नाही, पोटापुरते भात यायला वर्षे जातात. मजुरी कोणी मोजत नाही. मोजतात ते दिवस, कारण ते फेडायचे असतात. माझ्या उतारावर तू चार दिवस आलास, तर तुझ्यावर मी चार दिवस येणार. या उधारीवर पश्चिम आंबेगावचे डोंगर पायऱ्यांचे झाले. कार्ल सॉअर हा भूगोलाचा अभ्यासक १९२५ मध्ये सांगत होता, की निसर्ग हे साहित्य आणि संस्कृती हा कारागीर. डोंगरातल्या म्हाताऱ्याला हे सांगितले तर तो म्हणेल, यात नवीन काय?

आता दुसरे मत, संस्कृती एका जागी पिकते आणि बाकीच्यांकडे वाहत जाते, हे. त्याचेही थोर पूर्वज आहेत. ग्राफ्टन इलियट स्मिथ या शरीरशास्त्रज्ञाने जगातल्या जवळजवळ सगळ्या संस्कृतीचे मूळ इजिप्तमध्ये नेऊन ठेवले होते. फिलिपिन्समधल्या इफुगाव लोकांनीही डोंगर कोरून भाताच्या पायऱ्या केल्या. १९९५ पासून त्या जागतिक वारसा यादीत आहेत. आता ते आहुपेकरांकडून शिकले की आहुपेकर त्यांच्याकडून, असा वाद घालायचा असेल तर खुशाल घालावा.

पण मी देवघेव नाकारत नाही. उलट घोडेगावच्या उत्तरेला, जुन्नरला, देवघेवीचा सगळा दप्तरखानाच दगडात कोरलेला आहे. कोकणातून नाणेघाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांत यवन होते. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा आहे. हे लेख प्राकृतात, ब्राह्मी लिपीत. परदेशी माणसाने इथे आपल्या देशाचे काही थाटले नाही. इथे पुण्य कशाने लागते ते त्याने विचारून घेतले, आणि पावसाळा संपला की कोरड्या पडणाऱ्या डोंगरात टाकी खोदवली. मग संस्कृती कोणी कोणाला दिली?

नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत. ब्राह्मी अंकांच्या फार जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये त्यांवर लिहिले. त्या अंकांचे वंशज पुढे अरबांमार्फत युरोपात पोचले. यज्ञ काही पोचला नाही, हिशेब पोचला. लेण्याद्रीला बौद्ध भिक्षूंच्या विहारात आज गिरिजात्मज बसला आहे, आणि अष्टविनायकाच्या यात्रेकरूला त्यात काही खटकत नाही. भीमाशंकरला टांगलेली घंटा पोर्तुगीज चर्चची. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर अशा घंटा देवळोदेवळी गेल्या. घोडेगावावरून जाणारे हजारो भाविक ती वाजवून येतात.

या सगळ्यांतून मला एकच गोष्ट दिसते. रूप एकटे कुठेही जाऊ शकते, पण टिकते तिथेच, जिथे त्याच्याभोवती माणसांची काही रीत उभी राहते. घंटा टिकली, कारण देवळात घंटा वाजवायची रीत आधीच होती. विहार टिकला, कारण डोंगर चढून जाणाऱ्यांची रांग टिकली. आंबेगावच्याच सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा पिकतो. तो दक्षिण अमेरिकेतला, पण पठारावर जाऊन त्याला परका म्हणून दाखवा! शुद्ध संस्कृतीच्या नावाने गळा काढणाऱ्यांसाठी एवढे पुरे. मिरचीशिवाय त्यांचे कालवणही होणार नाही.

याची उलटी बाजू दाखवणारे उदाहरण मात्र घरचेच आहे, आणि ते पडकईचेच आहे. डोंगरातली ही पद्धत खाली सरकारपर्यंत पोचली. म्हणजे प्रवाह उलटा वाहिला, हे दुसऱ्या मतवाल्यांनी ध्यानात घ्यावे. शाश्वत या संस्थेने धरणग्रस्त आदिवासींबरोबर काम करताना पडकईला रोजगार हमीची जोड मिळावी म्हणून धडपड केली. पुढे कृषी खात्याने पडकईची योजना केली. इथवर छानच. पण योजनेच्या कागदावर आले ते खाचर. गट आला नाही, फेडीचे दिवस आले नाहीत. हेक्टर आले, उद्दिष्ट आले, आणि उद्दिष्टामागून जेसीबी आला. जेसीबीने एका दिवसात उतार सपाट होतो. कापलेल्या कडेला ताल रचली जाते किंवा जात नाही. मोकळी माती पहिल्या पावसाची वाट बघत पडून राहते.

३० जुलै २०१४ ला याच भागातले माळीण गाव डोंगराखाली गेले. १५१ माणसे गेली. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. त्यानंतर पडकईवर बोट ठेवले गेले. अतिवृष्टी, तीव्र उतार, कुजलेल्या खडकावरचा मातीचा जाड थर ही कारणे अभ्यासकांनी मांडली, यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचीही चर्चा झाली. कोणत्या कारणाचा वाटा किती, तो वाद भूशास्त्राचा. माझे म्हणणे एवढेच, की ज्या कामात गट नाही, फेड नाही, झिरपती ताल नाही, त्याला पडकई म्हणून पडकईला फाशी देऊ नये. नाव उचलले आणि रीत डोंगरातच राहिली, तर दोष नावाच्या मालकांचा नसतो.

जेसीबीला माझा विरोध नाही, हे सांगून टाकतो. नवे साधन आले की रीत मोडतेच, असे नाही. डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला ज्याचे नाव, ते गावच पाण्याखाली गेले. काठावरच्या लोकांनी पाणी ओसरले की गाळपेर करायला घेतली, मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. महादेव कोळी हे डोंगरातले शेतकरी. ‘कोळी म्हणजे जाळे आलेच’ असे मानणाऱ्यांनी जरा चौकशी करावी. त्यांना हे काम जलाशयावर शिकावे लागले. शाश्वतच्या या सगळ्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बाहेरून आलेले, आणि तेही लादलेले धरण, पण त्याच्या काठाला त्यांनी आपली जागा केली, कारण तिथे कामाची वाटणी त्यांच्या हातात राहिली.

यावर घोडेगावात हमखास एक आक्षेप निघतो : पडकईला आता माणसे आहेत कुठे? पोरे चाकणला कंपनीत गेली. प्रश्न खरा आहे. पण याच तालुक्यातली पोरे जत्रेला बैलगाड्याच्या घाटावर कशी हजर होतात, ते बघा. २०१४ च्या न्यायालयीन बंदीने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळात घाट म्हणजे नुसता चढ होता. परवानगी येताच वर्गणी जमली, घाट साफ झाले, बारी सुटली, ‘घाटाचा राजा’ ठरला. चाकणची पाळी कोणाच्या आड आली नाही. माणसे नाहीत असे नव्हे; ज्यात आपला मान आणि आपला वाटा आहे तिथे ती येतात. पडकईच्या कागदावर त्यांचा वाटा फक्त लाभार्थी म्हणून आहे.

तेव्हा घोडेगावच्या कचेऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. रोजगार हमीचे पडकईचे काम एकट्या खातेदाराच्या नावे न काढता गटाच्या नावे काढा. कोणाचा उतार आधी घ्यायचा ते गटाला ठरवू द्या. धोंडे हलवायला यंत्र हवे असेल तर तेही गटानेच ठरवून बोलवावे. ताल मात्र हातानेच रचली जावी आणि मोजमाप सपाट झालेल्या हेक्टरांचे न घेता रचलेल्या तालीच्या लांबीचे घ्यावे. आणि पहिल्या दोन पावसाळ्यांतल्या डागडुजीचे दिवस अंदाजपत्रकात धरा. श्रावणात ताल फुटली तर ती त्याच दिवशी उचलावी लागते, आणि त्या वाटेने श्रावणात यंत्र वर चढत नाही.