समाज तयार नव्हता, की नियम?

१/ समलिंगी असल्याचे न लपवता निवडणूक लढवणाऱ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘समाज अजून तयार नाही.’ वरकरणी हे निरीक्षण वाटते. प्रत्यक्षात ती पळवाट आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा इतिहास तिच्याविरुद्ध साक्ष देतो. #थ्रेड

२/ १९६१ मध्ये होजे सारिया तेथील बोर्ड ऑफ सुपरवायझर्ससाठी, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवकपदासाठी, उभे राहिले. समलिंगी संबंध तेव्हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता. तरीही त्यांना पाच हजारांहून अधिक मते पडली. पराभव झाला, पण ही मते कोणत्या समाजाची होती?

३/ पुढे हार्वे मिल्क आले. कॅस्ट्रो वस्तीत त्यांचे कॅमेऱ्याचे दुकान होते. १९७३ मध्ये ३२ उमेदवारांत ते दहावे आले. १९७५ मध्ये जागा सहा होत्या आणि त्यांचा क्रमांक सातवा.

४/ कारण नियमात होते. संपूर्ण शहर हाच एक मतदारसंघ होता. शहरभर प्रचार करायचा तर पैसा हवा, मोठ्यांचा वरदहस्त हवा. एका वस्तीचा भक्कम पाठिंबा शहराच्या बेरजेत बुडून जाई. १९७६ मध्ये मतदारांनीच वॉर्डनिहाय निवडणुकीचा कौल दिला.

५/ १९७७ मध्ये मिल्क विजयी झाले. त्याच निवडणुकीत चिनी वंशाचे गॉर्डन लाऊ आणि कृष्णवर्णीय एला हिल हच याही निवडून आल्या. दोन वर्षांत समाजाचे मन पालटले नव्हते. मते मोजण्याची चौकट पालटली होती.

६/ यावर आक्षेप येईल : मिल्क स्वतःही बदलले होते. खरे आहे. त्यांनी लांब केस कापले. कूर्स बिअरवरील बहिष्कारात कामगार संघटनांना साथ देऊन त्यांचा विश्वास मिळवला. परंतु हे सारे करूनही ते १९७५ मध्ये हरलेच होते.

७/ मिल्क यांना ‘पहिले’ म्हणणेही चूक. १९७४ मध्येच ॲन आर्बर येथे २१ वर्षांच्या विद्यार्थिनी कॅथी कोझाचेंको ५२ मतांनी नगरपरिषदेवर निवडून आल्या होत्या. विद्यार्थीबहुल वॉर्डातून.

८/ वॉर्डपद्धती म्हणजे पुण्याई नव्हे. डॅन व्हाइटही १९७७ मध्ये याच पद्धतीने निवडून आला, आणि २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यानेच मिल्क व महापौर मॉस्कोनी यांची हत्या केली. नियम दार उघडतो. आत कोण येईल हे ठरवत नाही. १९८० मध्ये ते दारही बंद झाले. वॉर्डनिहाय निवडणूक परतली ती थेट २००० मध्ये.

९/ प्रभागरचनेचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक. पुण्यात २०१७ मध्ये बहुतेक प्रभागांतून चार. आपण मात्र या वादात कोणत्या पक्षाला किती जागा मिळतील एवढेच मोजतो. प्रभाग जितका मोठा, तितका पक्षाच्या आधाराविना उभा राहणारा उमेदवार दुबळा. आणि समलिंगी उमेदवाराला पक्ष तिकीट देईल, याची खात्री कोण देणार?

१०/ म्हणून ‘समाज तयार नाही’ असे कोणी म्हटले, तर एवढेच विचारावे : समाजाला विचारले कधी, आणि कोणत्या नियमाने?