कोंबड्यांसाठी सुगंधी तेले : बाटलीवर काय छापणार?

डॉ. बी. व्ही. राव यांच्यामुळे पुण्याचे नाव कुक्कुटव्यवसायाशी कायमचे जोडले गेले. त्यामुळे येथील फार्मसीचालकास लवंग, ओवा वा निलगिरी यांच्या तेलांचा फवारा कोंबड्यांसाठी बनविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो निराधारही नाही. रात्री रक्त शोषून दिवसा पिंजऱ्याच्या फटींत दडणारा तांबडा माइट लवंगेतील युजेनॉल व ओव्यातील थायमॉल यांच्या वाफेने प्रयोगशाळेत मरतो. परंतु बंद काचपात्र निराळे आणि वारा खेळणारी शेड निराळी. तेथे तेल उडून जाते, फटीतला माइट उरतो.

माझी खरी चिंता मात्र वेगळी आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममध्ये फिप्रोनिल या कीटकनाशकाचे अंश सापडल्याने लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. ते शेडमध्ये शिरले कशातून? मेंथॉल व निलगिरीयुक्त, वनस्पतिजन्य म्हणून विकल्या गेलेल्या द्रवातून! (हाच शब्द आपणही मोठ्या अक्षरांत छापतो.)

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राणीही येतात. तेव्हा ‘जनावरांसाठीच तर आहे’ ही सबब चालणार नाही. शिवाय त्या कोंबडीचे अंडे आपल्याच रुग्णाच्या ताटात येते. बाटलीवर युजेनॉल वा थायमॉलचे प्रमाण छापावे आणि प्रत्येक बॅच कीटकनाशकांच्या अंशांसाठी तपासून घ्यावी. ज्यास हा खर्च झेपत नाही, त्याने तूर्त कोंबड्यांच्या वाटेस जाऊ नये.