साहेबांचे गुरू आणि नोकरांचा भाव

बड्या कंपन्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांसाठी ‘एक्झिक्युटिव्ह कोच’ नावाचा गुरू नेमण्याची प्रथा आता भारतातील उद्योगसमूहांतही रूढ झाली आहे. साहेबांनी शांतपणे ऐकावे, सहकाऱ्यांवर विश्वास टाकावा, स्वतःचे दोष ओळखावेत, असा त्याचा उपदेश असतो. यात गैर काही नाही. उद्धट साहेबापेक्षा विनयशील साहेब केव्हाही बरा. प्रश्न एवढाच आहे की, साहेबांचा हा व्यक्तिगत विकास नोकरांच्या पगारपत्रकापर्यंत पोहोचतो काय?

या संप्रदायाचे सर्वांत मोठे दैवत म्हणजे अमेरिकेतील बिल कॅम्पबेल. कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे हे एकेकाळचे प्रशिक्षक पुढे अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज व गूगलचे एरिक श्मिट या दोघांचेही मार्गदर्शक झाले. २०१६ मध्ये ते निवर्तले. २०१९ मध्ये श्मिट व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्यांच्यावर गौरवग्रंथ लिहिला. त्यांच्या माणुसकीच्या कथा खोट्या मानण्याचे कारण नाही.

परंतु हेच कॅम्पबेल इंट्युइटचे अध्यक्ष आणि अ‍ॅपलचे संचालकही होते. अ‍ॅपल आणि गूगल या कंपन्यांनी एकमेकींचे अभियंते आपल्याकडे ओढायचे नाहीत, असे आपसांत गुपचूप ठरवले होते. आपली श्रमशक्ती अधिक भाव देणाऱ्याला विकण्याचे जे एकमेव स्वातंत्र्य भांडवलशाही पगारदाराला देते, तेही अशा रीतीने हिरावले गेले. गूगलने अ‍ॅपलची माणसे घेण्याचे प्रयत्न थांबवले आहेत, अशी ग्वाही जॉब्ज यांना ईमेलने देणारे गृहस्थ होते कॅम्पबेल! शिखरावरील परस्परविश्वास असा फळाला आला. २००७ मध्ये गूगलच्या भरती विभागातील एका कर्मचाऱ्याने अ‍ॅपलच्या अभियंत्याशी संपर्क साधला. जॉब्ज यांची तक्रार येताच, त्या कर्मचाऱ्याला तासाभरात कामावरून काढले जाईल, असे उत्तर गेले. ते पुढे धाडताना जॉब्ज यांनी सोबत फक्त एक हसरा चेहरा जोडला.

अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१० मध्ये सहा कंपन्यांवर दावा लावला आणि तडजोडीत असे करार बंद करवले. दंड मात्र केला नाही. नुकसानभरपाईसाठी कर्मचाऱ्यांनाच न्यायालय गाठावे लागले. सुमारे ६४,००० जणांच्या या दाव्यात अ‍ॅपल, गूगल, इंटेल व अडोबी यांनी २०१५ मध्ये ४१ कोटी ५० लाख डॉलर मोजले. म्हणजे माणशी साडेसहा हजार डॉलरही नाहीत, आणि त्यातूनच वकिलांची फी.